राज्यशस्त्राचा विमानप्रवास

१८ ऑगस्ट २०२५ रोजी एक तलवार विमानाने मुंबईत उतरली. नागपूरच्या भोसले घराण्याचे कर्तृत्ववान पुरुष, सेनासाहेब सुभा रघुजीराजे यांच्या नावाची ही फिरंग लंडनच्या सदबीज लिलावगृहात विक्रीस निघाली होती. महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती मिळवली, सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार ती घेऊन आले आणि मुंबईत तिचे समारंभपूर्वक स्वागत झाले. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने अशीच विमानाने आली आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली. ती वाघनखे अफजलखानाच्या कोथळ्यापर्यंत पोहोचलेली तीच का, याविषयी इतिहासाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत आणि ते राहतील. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. एक तलवार आणि एक वाघनख विमानात बसून सातासमुद्रांपलीकडून महाराष्ट्रात आले आणि वाटेत कोणत्याही विमानतळावर त्यांचा खोळंबा झाला नाही. कारण त्यांच्यासोबत कागद होते, करार होते आणि त्यांच्यामागे एक शासन उभे होते.

याच काळात महाराष्ट्राने आणखी एक घोषणा केली. २०२४ च्या शिवजयंतीला दांडपट्टा हे महाराष्ट्राचे राज्यशस्त्र ठरले. शेकरू हा राज्यप्राणी, हरियाल हा राज्यपक्षी, ताम्हण हे राज्यफूल, त्या पंक्तीत आता दांडपट्टाही बसला. ज्या शस्त्राने मराठ्यांच्या पायदळाला नाव मिळवून दिले, त्याला हा मान मिळाला याचा आनंद कोणाही शिवप्रेमी माणसाला होईल. प्रश्न त्यापुढचा आहे. हे राज्यशस्त्र हातात घालून आजही जो तरुण ते फिरवतो, त्याला ते घेऊन दुसऱ्या प्रांतात जायचे असेल तर त्याच्याजवळ कोणता कागद असतो? उत्तर एका शब्दाचे आहे, आणि ते म्हणजे ‘निमंत्रणपत्रिका’.

अहिल्यानगर जिल्ह्यापुरता हा प्रश्न पूर्वी उद्भवतच नव्हता. शिवजयंतीच्या आणि गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत नगर, संगमनेर, श्रीरामपूर, जामखेडकडची पथके फिरत ती टेम्पोने. फार लांबचे आमंत्रण असले तर रेल्वेने. लाठ्या, पट्टे, भाले, ढाली एका सतरंजीत गुंडाळायच्या आणि बर्थखाली सरकवायच्या, एवढीच त्या साहित्याची प्रवासव्यवस्था. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि कोपरगाव तालुक्यातील काकडी या गावाच्या माळावरून विमाने उडू लागली. साईभक्तांसाठी झालेल्या या विमानतळाने जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलालाही विमानाचे दार दाखवले. परप्रांतातील महाराष्ट्र मंडळे आता पथकांना दोन दिवसांसाठी बोलावतात आणि तिकिटे पाठवतात. दोन दिवसांच्या कार्यक्रमासाठी चार दिवसांचा रेल्वेप्रवास करायला नोकरी-शिक्षण सांभाळणाऱ्या मुलांना आणि मुलींना सवड नसते. सतरंजीत गुंडाळलेले ते बोचके आता क्ष-किरण यंत्राच्या पट्ट्यावर येते. पडद्यावर चार फुटी पात्याची काळी सावली उमटते आणि मग सुरक्षा कर्मचारी विचारतो, “हे काय आहे?”

“खेळाचे साहित्य,” पथकाचा वस्ताद सांगतो.

कर्मचारी त्या उत्तराने समाधानी होत नाही, आणि येथे पहिली गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, की त्याने समाधानी होऊही नये. अशा प्रसंगी आपल्याकडे एक प्रतिक्रिया ठरलेली असते. महाराजांच्या महाराष्ट्रात महाराजांच्या शस्त्राला अडवतात, हा धर्माचा अपमान आहे, परंपरेचा अपमान आहे, असा कोलाहल सुरू होतो. तो ऐकायला बरा वाटतो, पण त्यात विचार नसतो. विमानात शस्त्र का नको, याचा धडा या देशाने इतरांच्या पुस्तकातून शिकलेला नाही. तो स्वतःच्या रक्ताने शिकला आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये दिल्लीहून श्रीनगरला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान दल खालसाच्या अपहरणकर्त्यांनी लाहोरला नेले ते केवळ कृपाणांच्या धाकावर. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर फुटले आणि ३२९ जीव गेले. तो स्फोट विमानाच्या पोटातल्या सामानात झाला होता आणि ती बॅग ज्याच्या नावाची होती तो प्रवासी विमानात चढलाच नव्हता. १९९९ च्या २४ डिसेंबरला काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला पोहोचले. त्या आठ दिवसांत देशाने काय गमावले याचा हिशेब अजून मिटलेला नाही. रुपीन कत्याल या नवविवाहित तरुणाचे प्राण गेले ते सुऱ्याच्या वारांनी. आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत एकोणीस जणांनी चार विमाने ताब्यात घेतली, तेव्हा तेथील नियमांत चार इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात नेण्यास मुभा होती. ज्या समाजाने दहशतवादाविरुद्ध कठोर व्हा असे सरकारला वर्षानुवर्षे बजावले, त्याच समाजाने विमानतळाच्या दारात स्वतःसाठी सवलत मागावी, हे शोभणारे नाही.

शिवाय पट्टा हे दिसते तेवढे निरुपद्रवी साधन नव्हे. कोपरापर्यंत हात झाकणारा पोलादी खोबळा आणि त्याला जडवलेले लवचिक, लांब पाते असे त्याचे रूप. मनगट वळत नाही, संपूर्ण बाहू हेच त्याचे मूठबळ असते. सरावाचे पाते बोथट असते हे खरे. पण ते पूर्ण वेगात फिरत असताना त्याच्या वाटेत आलेल्या माणसाला जखम होते, हे प्रत्येक वस्तादाला ठाऊक असते. म्हणूनच तर प्रात्यक्षिकाच्या वेळी तो आधी रिंगण मोकळे करून घेतो. विमानाच्या अरुंद मार्गिकेत रिंगण मोकळे करता येत नाही.

नियम तसा साधा आहे आणि जगभर जवळजवळ सारखा आहे. धारदार, टोकदार वा मारक वस्तू, आणि त्यात युद्धकलेची सर्व साधने आली, हातातील बॅगेत चालत नाहीत. जपानी नानचाकू असो की आपली लाठी, त्यात भेद नाही. प्रवाशाच्या हाताला न लागणाऱ्या चेक-इनच्या सामानात यांपैकी बहुतेक वस्तू नेता येतात, पण विमान कंपनी आणि सुरक्षा यंत्रणा यांची हरकत नसेल तर. गडाच्या पायथ्याशी मिळणारी पितळी वाघनखे, पेपर कापण्याची छोटी कट्यार, मुलासाठी घेतलेली तलवारीची प्रतिकृती, हे सारेसुद्धा त्याच सामानात टाकावे लागते. ते हातातल्या पिशवीत राहिले की सुरक्षा तपासणीपाशी ठेवलेल्या टोपलीत जाते, आणि मग तक्रार करण्यात अर्थ नसतो.

“मग शिखांना कृपाण कसे चालते?” हा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेलच. त्याचे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण या प्रश्नाचा खरा उलगडा त्यातच आहे. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या पहिल्या स्पष्टीकरणातच कृपाण धारण करणे हे शीख पंथाच्या आचरणाचा भाग मानले आहे. ती घटनेने दिलेली गोष्ट आहे, कोण्या अधिकाऱ्याची कृपा नव्हे. नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोने मार्च २०२२ मध्ये तिची मोजमापे पुन्हा लिहून दिली. पाते सहा इंचांपेक्षा अधिक नको, एकूण लांबी नऊ इंचांपेक्षा अधिक नको आणि मुभा देशांतर्गत प्रवासापुरतीच. याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली, ती डिसेंबर २०२२ मध्ये फेटाळली गेली. ज्या पंथाने हिंदुस्थानच्या रक्षणासाठी मस्तके दिली त्याच्या धर्मचिन्हाकडे बोट दाखवून आपला हक्क मागणे हा करंटेपणा आहे. मर्दानी खेळ खेळणारा तरुण काही पट्टा घालून जेवत-झोपत नाही, तो त्याच्या व्रताचा भाग नाही. पण कृपाणाच्या बाबतीत एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे मोजपट्टी आहे. इतके इंच म्हणजे चालेल, इतके म्हणजे नाही, हे शीख प्रवाशाला घरून निघतानाच माहीत असते आणि तपासणाऱ्यालाही माहीत असते. १९८१ चे अपहरण कृपाणांनी झालेले असताना शासनाने पंथाला संशयित ठरवले नाही, वस्तूला माप लावले. पट्ट्याला असे माप कोणी लावलेले नाही, आणि ते लागत नाही तोवर प्रत्येक वेळी निर्णय त्या दिवशीच्या पाळीवर असलेल्या माणसाच्या समजुतीवर अवलंबून राहणार.

हा अभाव विमानतळावर दिसतो, पण तो जन्माला आलेला आहे शस्त्र कायद्यात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू वगळल्या आहेत आणि त्यांचे उदाहरण म्हणून लाठीचा व साध्या काठीचा नावानिशी उल्लेख केला आहे. ज्यांचा खेळण्याखेरीज दुसरा उपयोगच होऊ शकत नाही अशी खेळणीही वगळली आहेत. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले यांच्यासोबत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. त्यातून सुटतात ती घरगुती, शेतीची, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे. हे वाक्य पुन्हा वाचून पाहावे. घर आहे, शेत आहे, प्रयोगशाळा आहे, कारखाना आहे. आखाडा नाही. प्रवरेच्या काठी लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून हा जिल्हा उसाचा आहे आणि दर हंगामात हजारो ऊसतोड कामगार कोयते घेऊन येथे येतात. त्या कोयत्याला कायदा शेतीचे अवजार म्हणून ओळखतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच शिवारातला मुलगा संध्याकाळी ज्या बोथट पट्ट्याने हात फिरवतो तो कायद्याच्या लेखी कोणत्या रकान्यात बसतो, हे सांगणे वकिलालाही अवघड जावे. कायद्याला खेळणे माहीत आहे, खेळ माहीत नाही.

त्यात भर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ ची. सण, निवडणूक, आंदोलन असे निमित्त झाले की जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा प्रतिबंधात्मक आदेश निघतो आणि शस्त्रे, तलवारी, भाले, सोटे, लाठ्या जवळ बाळगण्यास त्या मुदतीत मनाई होते. नेमके त्याच दिवसांत पथकांना सर्वाधिक आमंत्रणे असतात. मिरवणुकीपुरती स्थानिक पोलिसांची तोंडी संमती मिळते, कारण ठाणे अंमलदार वस्तादाला ओळखत असतो. पुणे वा शिर्डीच्या विमानतळापर्यंतच्या रस्त्यावर नाकाबंदी करणारा हवालदार त्याला ओळखत नाही.

आणि त्याने संशय घ्यावा अशी परिस्थिती कोणी निर्माण केली, हेही एकदा स्वच्छपणे पाहिले पाहिजे. एप्रिल २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी कुरिअरने पंजाबातून आलेल्या ९७ तलवारी पकडल्या. त्यातील काही मालावर अहमदनगर जिल्ह्यातला पत्ता होता. वाढदिवसाचा केक तलवारीने कापणे, गाडीच्या टपावर उभे राहून ती परजणे आणि त्याची चित्रफीत गावभर फिरवणे, हा गेल्या काही वर्षांतला नवा ‘पराक्रम’ आहे. अशा बातम्यांखाली शस्त्र अधिनियमाची कलमे ४ व २५ इतक्या वेळा छापून येतात की वाचणाऱ्यांना ती पाठ झाली आहेत. या टोळक्यांच्या गळ्यातही महाराजांचे चित्र असते, कपाळावर चंद्रकोर असते. खऱ्या पट्टेकऱ्याचे जेवढे नुकसान या मंडळींनी केले तेवढे एखाद्या हेकट अधिकाऱ्यानेही केले नसेल. पट्टा शिकायला वर्षे लागतात, पायांची पवित्र्यांवर बैठक बसावी लागते, वस्तादाचे बोलणे खावे लागते. केक कापायला यांतले काहीच लागत नाही. समाजातील जाणत्यांनी या प्रकारांकडे ‘पोरे आहेत, उत्साह आहे’ म्हणून काणाडोळा केला, त्याची किंमत आता आखाड्यातल्या मुलांना मोजावी लागत आहे.

शस्त्र आणि या भूमीचे नाते जुने आहे. १६२४ मध्ये भातवडीच्या रणात मलिक अंबरच्या बाजूने लढताना शहाजीराजांचे बंधू शरीफजी पडले. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला पेशवे, शिंदे, होळकर, भोसले एकत्र उभे राहिले आणि निजामाला तह करावा लागला. त्या खर्ड्यापासून जवळच, याच जामखेड तालुक्यातल्या चोंडीला, १७२५ साली त्या कन्येचा जन्म झाला जिचे नाव २०२४ पासून हा जिल्हा धारण करतो. आजही भारतीय लष्कराच्या चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र याच नगरात आहे आणि १९९४ पासून येथे रणगाड्यांचे संग्रहालय आहे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर दोन दशकांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या राजवटीने शस्त्र कायदा केला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा हिंदी माणसासाठी गुन्हा ठरवला. गोऱ्यांना त्यातून सूट होती. हातातील शस्त्र गेले, पण तालमींनी त्याचे हात, पवित्रे आणि नावे जपली. कोल्हापूरच्या पेठांनी त्यात मोठा वाटा उचलला. लाठी, बनेटी, फरीगदगा, विटा, पट्टा ही साधने ‘खेळ’ म्हणवून टिकली, नाहीतर ती केव्हाच भंगारात गेली असती. स्वतंत्र भारताने १९५९ साली लिटनचा कायदा बाजूला सारून नवा कायदा केला, पण त्या तालमींनी ‘खेळ’ हा शब्द कोणत्या संकटातून वाचण्यासाठी वापरला होता, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्या बाजूला, विमानातून शस्त्र नेणे अशक्य आहे असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. रायफल हे पट्ट्यापेक्षा कितीतरी अधिक घातक शस्त्र. तरीही नेमबाजांच्या बंदुका विमानाने ये-जा करतात, कारण त्यांच्यासाठी परवाना आहे, राष्ट्रीय संघटनेचे पत्र आहे, कुलूपबंद पेटी आहे, काडतुसे किती आणि कशी न्यायची याचे लेखी नियम आहेत. टोकियोला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरलेल्या भारतीय तलवारबाज भवानीदेवीच्या तलवारीही विमानानेच गेल्या. त्या पात्यांचे माप आणि बोथट टोक आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिलेले आहे. महाराष्ट्रातील शालेय क्रीडा स्पर्धांत ‘तलवारबाजी’ आहे. पण ती तलवार युरोपातील आहे! त्या तलवारीचा खेळाडू विमानतळावर खेळाडू असतो आणि पट्ट्याचा खेळाडू संशयित, यात अन्याय असला तरी द्वेष नाही. एकाच्या साहित्याला मानक आहे, दुसऱ्याच्या साहित्याला नाही. २०२२ मध्ये पंचकुला येथे झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांत केरळचा कलरीपयट्टू, पंजाबचा गतका, मणिपूरचा थांग-ता आणि महाराष्ट्राचा मल्लखांब यांना स्थान मिळाले. मर्दानी खेळ त्यात नव्हता. गतक्याच्या संघटकांनी नियमपुस्तिका लिहिली, काठीची लांबी ठरवली, वयोगट पाडले, गुण मोजण्याची पद्धत बसवली. आपल्याकडे मात्र एका पेठेचा पट्टा दुसऱ्या पेठेला मान्य नसतो, आणि संघटना काढायची म्हटली की आधी अध्यक्ष कोण यावरून दोन संघटना निघतात.

तेव्हा मागणी करायची ती याची. हातातील बॅगेत पट्टा नेऊ द्या, ही मागणी कोणी करू नये. राज्यशस्त्र जाहीर करणाऱ्या शासनाने त्या राज्यशस्त्राच्या खेळाच्या रूपाचे माप ठरवावे. पात्याची लांबी, जाडी, गोल केलेले टोक, मारलेली धार, खोबळ्यावर ठोकलेला क्रमांक. अशा साहित्याची आणि ते वापरणाऱ्या पथकाची नोंद व्हावी, त्यावर क्रीडा खात्याचा आणि पोलिसांचा शिक्का असावा. या आधारावर केंद्राकडे दोन गोष्टी मागता येतील. शस्त्र नियमांच्या त्या अनुसूचीत घर, शेत, प्रयोगशाळा, कारखाना यांच्या शेजारी ‘क्रीडा’ हा शब्द यावा. आणि सुरक्षा ब्युरोने चेक-इनच्या सामानात असे नोंदणीकृत साहित्य कसे स्वीकारायचे याची लेखी सूचना सर्व विमानतळांना द्यावी. हे अवास्तव नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंच्या इरुमुडीतला नारळ हातातील सामानात चालत नव्हता. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच ब्युरोने यात्राकाळापुरती, २० जानेवारी २०२५ पर्यंत, तपासणीच्या अटीवर त्याला मुभा दिली. भाविकांची मागणी नेमकी होती, मुदत नेमकी होती, वस्तू नेमकी होती, म्हणून ती मान्य झाली.

तोवर पथकांनी स्वतःची शिस्त लावायला हरकत नाही. सतरंजीतले बोचके आता पुरे. कडक आवरणाची लांब पेटी, पात्यांना म्यान किंवा जाड गुंडाळणी, टोकांना टोपणे. सामान उचलणाऱ्या हमालाच्या हाताला ते लागू नये याची काळजी प्रवाशाने घ्यायची असते. पेटीत साहित्याची यादी, सोबत निमंत्रण, आपल्या पोलीस ठाण्याला दिलेल्या अर्जाची पोहोच. तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवून तिची लेखी संमती घेतलेली बरी, कारण अखेरचा शब्द तिचाही असतो. मापाचाही विचार आहे. बहुतेक विमान कंपन्या सामानाच्या नगाची लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत धरतात. खोबळ्यासह पाच फुटांचा पट्टा एकटाच १५२ सेंटिमीटर होतो, मग पेटीच्या रुंदी-उंचीला उरतात सहा! म्हणजे जादा मापाचे शुल्क भरणे आले किंवा आखूड पट्टा करवून घेणे आले. सहा फुटी लाठ्या आणि भाल्याचे दांडे नेण्याचा अट्टहास तर सोडूनच द्यावा. वेळू देशात सर्वत्र मिळतो, यजमान मंडळाला आधी कळवले की झाले.

परदेशी जाणाऱ्यांना आणखी दोन पथ्ये आहेत. एखाद्या जुन्या वाड्यातला, आजोबा-पणजोबांपासून चालत आलेला पट्टा किंवा समशेर उत्साहाने बरोबर नेणाऱ्यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा माहीत नसतो. शंभर वर्षांहून जुने शस्त्र ही पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. रघुजीराजांची तलवार परत आणायला राज्याला अर्धा कोट मोजावा लागला. तशीच आणखी एखादी आपणच आपल्या हाताने बाहेर पाठवायची, हे विपरीत होईल. दुसरे पथ्य ज्या देशात जायचे तेथील कायद्याचे. ब्रिटनमध्ये ५० सेंटिमीटर वा त्याहून लांब, वक्र पात्याच्या तलवारींवर २००८ पासून निर्बंध आहेत. धार्मिक व क्रीडाविषयक कारणांना तेथे अपवाद आहे, पण तो सिद्ध करावा लागतो. लंडनच्या मराठी मंडळींनी बोलावले म्हणून पेटी उचलून निघण्याआधी त्यांनाच तेथील पोलिसांकडे चौकशी करायला सांगावी. आखाती देशांत तर साहित्य न नेता केवळ लेझीम आणि ढोल-ताशावर भागवणे शहाणपणाचे.

अहिल्यानगरला वाडिया पार्कमध्ये जिल्ह्याचे क्रीडा संकुल आहे. शालेय तलवारबाजीच्या खेळाडूंची नोंद क्रीडा खात्याकडे होते. मर्दानी खेळाच्या पथकांची एक नोंदवही जिल्हा क्रीडा कार्यालयात उघडायला, त्यात प्रत्येक वस्तादाचे नाव, मुलांची संख्या आणि पट्ट्यांची मापे लिहायला दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. नेवासे, पाथर्डी, श्रीगोंदे, अकोले येथील वस्तादांनी एका रविवारी आपापले पट्टे घेऊन यावे, टेपने मोजावेत आणि कोणती लांबी सर्वांना मान्य आहे ते आपसांत ठरवावे. ती लांबी ठरली की मंत्रालयात नेण्याच्या अर्जातला पहिला रकाना भरला जाईल.